आधी वाचायचं, मग लिहायचं

मेलेला फोन संगणकाला जोडला की संगणक एकदा टुंग करतो. मागोमाग खालच्या सुरात दुसरं टुंग येतं. पहिल्याचा अर्थ, कुणीतरी आलं. दुसऱ्याचा अर्थ, गेलं. काय करायचं ते या दोन आवाजांच्या मधे.

*

मलेशियात, पेनांगच्या कारखान्यात बांगडी चालत नसे. मनगटाला पट्टा, पट्ट्याला तार, तार जमिनीला. अंगातली वीज हातातल्या बोर्डात उतरू नये म्हणून शेकडो बायका दिवसभर जमिनीला बांधलेल्या.

*

एका फोनचं झाकण दुसऱ्या फोनला बसतं. कॅमेऱ्याचं भोक जुळतं, बटणं जुळतात. विकणारा सांगतो, कंपनीनेच तसं केलंय.

*

मेलेल्याला वाट सांगताना फेदाङमा, लिम्बू जमातीचा पुजारी, मागे वळत नाही. या ओढ्यावरून त्या खिंडीत, खिंडीतून पलीकडच्या गावात, असं एकेक नाव घेत तो मेलेल्याला पूर्वजांच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. एखादा ओढा सांगायचा राहिला, तर मेलेला त्या ओढ्याच्या अलीकडेच उभा राहतो.

*

त्या हिवाळ्यात सीमेवरचं नाकं बंद होतं, पलीकडून तेल येत नव्हतं. धरानमध्ये पेट्रोल पाण्याच्या बाटलीतून विकत मिळत होतं, आणि पाणी तर मिळतच नव्हतं.

*

जुनिता राईचं दुकान म्हणजे छाता चोकाजवळच्या बाजारात एक टेबल, एक संगणक, सोल्डरिंगची बंदूक आणि पाठीमागच्या फळीवर तिनेच रंगवलेली एक ओळ: आधी वाचायचं, मग लिहायचं. फोनमध्ये नवीन सॉफ्टवेअर लिहिण्याआधी त्याच्या पोटात जे आहे ते सगळं वाचून संगणकावर ठेवून द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. बाजारात बाकी कुणी असलं काही करत नसे. गिऱ्हाइकाला फोन चहा पिऊन होईतो हवा असतो आणि वाचायला चहाच्या चार फेऱ्या लागतात. शेजारच्या टेबलावर झाकणं आणि चार्जर विकणारा तेजेन्द्र श्रेष्ठ, तिच्या तोंडी दाइ म्हणजे दादा, त्या ओळीला जुनिताचा मंत्र म्हणायचा आणि रोज सकाळी फळीपुढे आपल्या उदबत्त्यांतली एक ओवाळायचा.

गुरुवारी दुपारी एक म्हातारा आणि एक तरुण बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. म्हाताऱ्याचा उजवा हात शालीत गुंडाळलेला होता आणि तोंड एका बाजूला ओढल्यासारखं. बाईच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रुमाल, रुमालात फोन.

"दिदी, इथं मोबाइल बनवतात ना?"

"बनवते की," पलीकडून तेजेन्द्र म्हणाला. "पण आधी पूजा करते, मग बनवते. घाई असेल तर पुढचं दुकान बघ."

"दाइ, तुमची झाकणं धूळ खातायत, ती पुसा," जुनिता म्हणाली आणि फोन हातात घेतला. लाल झाकणाचा, काच एका कोपऱ्यात तडकलेली. बटण दाबलं. कंपनीचं नाव आलं, लुकलुकलं, आणि तिथंच राहिलं.

"एवढंच येतं," बाई म्हणाली. "पुढे जात नाही. घण्टाघराकडच्या दुकानात दाखवला. ते म्हणाले, सॉफ्टवेअर मारावं लागेल, आतलं सगळं पुसलं जाईल. म्हणून परत घेतला."

"आतलं हवंय?"

"आतलंच हवंय. फोन नाही सुरू झाला तरी चालेल."

असं म्हणणारं गिऱ्हाईक जुनिताने आजवर पाहिलं नव्हतं. तिने स्टूल पुढे सरकवलं. म्हातारा बसला नाही. बाई बसली.

तिचं नाव मेनुका. तेह्रथुमकडच्या एका गावातल्या लिम्बूंची सून. म्हातारा तिचा सासरा, रणधोज बा. त्यांचा मुलगा सन्तवीर, म्हणजे मेनुकाचा नवरा, मलेशियात होता. गेल्या आठवड्यात त्याची पेटी आली. पेटीबरोबर एक खोकं आलं, त्यात कपडे, बूट आणि हा फोन.

"मातीत ठेवून झालं," मेनुका म्हणाली. "शनिवारी त्यांना वाट सांगायची आहे."

"मग बा आहेतच ना?" जुनिताने विचारलं. म्हाताऱ्याच्या गळ्यातल्या माळेवरून तिने ओळखलं होतं की हा फेदाङमा आहे. ती स्वतः राई, त्याच डोंगरांतल्या जमातीची. वाट सांगणं म्हणजे काय हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

मेनुकाने सासऱ्याकडे पाहिलं. "बांना झटका आला. तेव्हापासून एकच शब्द येतो तोंडात."

"नाही," म्हातारा म्हणाला.

"हाच. भूक लागली तरी नाही, पाणी हवं असलं तरी नाही. आवाजावरून ओळखायचं."

"नाही," म्हातारा पुन्हा म्हणाला, या वेळी मऊ, आणि डाव्या हाताने फोनकडे बोट केलं.

"आमच्याकडे दुसरा फेदाङमा आहे," मेनुका सांगू लागली. "पण त्याला आमच्या कुळाची वाट अर्धीच येते. खिंडीच्या पुढची फक्त बांना. आजेसासूबाई गेल्या तेव्हा बांनी पूर्ण सांगितली होती. हे तेव्हा सुट्टीवर आले होते. बांच्या मागे बसून मांडीखाली फोन ठेवला आणि सगळं भरून घेतलं. नंतर बांना कळलं तर बा किती दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत."

"दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्ये नाही दिलं?"

"ती काय वाजवायची गोष्ट आहे का, दिदी? घरात कुणी गेलेलं नसताना ती वाट तोंडातून काढत नाहीत. उघडी राहते म्हणतात. हे स्वतःसुद्धा तिकडे वाजवत नव्हते. नुसतं जवळ होतं."

तेजेन्द्रने चार्जरची वायर गुंडाळणं थांबवलं होतं. "पण बहिनी," तो म्हणाला, "मशीनने सांगितलेली वाट चालते का?"

"आवाज तर बांचाच आहे ना."

 मेनुका रुमालाची घडी घालत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "आणि आमच्या लग्नाचा व्हिडिओ पण त्यातच होता. मिळाला तर बघा. आधी बांचं."

*

फोनच्या आतली जागा लांबट घरासारखी असते. ओळीने खोल्या. पहिल्या खोलीत जागं कसं व्हायचं ते लिहिलेलं, दुसरीत बोलायचं कसं, तिसरीत दिसायचं कसं. शेवटची खोली सगळ्यात मोठी, ती मालकाची. तिचं नाव युजरडेटा. संगणकावर या खोल्यांची यादी येते, प्रत्येकीपुढे एक चौकोन, चौकोनात बरोबरची खूण. ज्या खोलीची खूण काढली, तिथं नवीन काही लिहिलं जात नाही. म्हणून शेवटची खूण काढली की मालकाचं सामान शाबूत राहतं, असं बाजारात सगळेच धरून चालतात.

जुनिताने झाकण उलटून मॉडेल बघितलं. त्या मॉडेलची फाइल तिच्याकडे होती. भिंतीवर वीज जाण्याचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. दुपारचा पहिला भाग सरत आला होता. आधी वाचत बसलं तर मधेच वीज जाणार. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, तिच्यावर एक बल्ब जेमतेम तगायचा.

खूण काढली आहे म्हणजे झालं, तिने मनाशी म्हटलं. आज लिहून टाकू.

पाठीमागच्या फळीवर ओळ होती तिथंच होती.

तिने बॅटरी काढून पुन्हा बसवली, वायर खुपसली. टुंग. लाल पट्टी सरकू लागली, टोकाला गेली, आणि तिथंच संदेश आला. खोल्यांची मांडणी जुळत नाही. सगळं नव्याने लिहावं लागेल.

टुंग, खालचं.

"फॉरमॅट मार," तेजेन्द्र मान लांब करून म्हणाला. "हा मेसेज आला की फॉरमॅट. माझा भाचासुद्धा करतो."

खरंच होतं ते. हा संदेश आला की बाजारातला प्रत्येक हात त्याच बटणाकडे जातो. सगळ्या खोल्या धुऊन काढायच्या आणि नवं घर लिहायचं. फोन सुरू होतो, गिऱ्हाईक खूश, कुणाला काही कळत नाही. जुनिताचा हातही गेला. बाण त्या बटणावर जाऊन थांबला. बोट माउसवर होतं.

"नाही," म्हातारा म्हणाला.

त्याला काय म्हणायचं होतं कोण जाणे. कदाचित पाणी हवं असेल. जुनिताने बोट उचललं.

मांडणी जुळत नाही म्हणजे घर चुकीचं नाही, नकाशा चुकीचा आहे. चुकीच्या नकाशावरून लिहिलं असतं, तर तिसऱ्या खोलीची भिंत मालकाच्या खोलीत घुसली असती. खूण काढली असूनही. यंत्राने अडवलं नसतं, तर एव्हाना ते होऊन गेलं असतं. तिने झाकण पुन्हा उलटून बघितलं.

"बहिनी, हे लाल झाकण मूळचंच का?"

"नाही. मूळचं पांढरं होतं. तुटलं म्हणून गेल्या सुट्टीत इथं धरानमध्येच बदललं त्यांनी. या बाजारातच कुठेतरी."

तेजेन्द्र एकदम आपली झाकणं पुसू लागला.

"दाइ."

"काय?"

"इकडे या जरा."

तो आला. झाकण हातात घेऊन आतली खाच बघितली. "माझ्याकडचं असेलही. अशी खाच मीच मागवतो. पण दोन्हीला बसतं ते, जुनिता. कंपनीनेच..."

"कंपनीने नाही, तुम्ही बसवलंत. मी त्याच्यावरचं नाव वाचून दुसऱ्याच फोनची फाइल घातली."

"झाकणावरचं नाव कोण वाचतं?"

"मी वाचलं ना," जुनिता म्हणाली. "आज वाचलं."

*

मग तिने जे आधी करायचं ते केलं. बोर्डालाच विचारलं, तू कोण. बोर्डाने आपलं खरं नाव सांगितलं. त्या नावाचा नकाशा शोधला, मालकाच्या खोलीचा पत्ता त्यातून घेतला आणि वाचायला लावलं. फाइलला नाव देण्याची जागा असते. तिथं यंत्र स्वतःच एक नाव घालून ठेवतं, रोज तेच. जुनिताने तेच राहू दिलं.

पट्टी मुंगीच्या चालीने निघाली. मेनुकाने सासऱ्याला चहा पाजला, एका हाताने पेला, दुसऱ्या हातात रुमाल. तेजेन्द्रने कुणी न सांगता तांदळाची तळलेली सेल रोटी आणली आणि सगळ्यांपुढे ठेवली. म्हाताऱ्याने एक तुकडा घेतला, हातात धरला, खाल्ला नाही. सुतकात मीठ-तेल चालत नाही हे तेजेन्द्रला मागाहून आठवलं आणि त्याने जीभ चावली.

"अर्ध्याच्या पुढे गेलं बघ," तो विषय बदलायला म्हणाला. "बरंच पुढे गेलं."

आणि वीज गेली. वेळापत्रकाच्या आधीच. त्या हिवाळ्यात वेळापत्रकालाही कुणी विचारत नव्हतं.

*

"आता?"

"आता उद्या, बहिनी."

"उद्या सकाळची बस आहे, दिदी. डिझेल नाही म्हणून एकच सुटते. ती चुकली तर शनिवारी पोचत नाही आम्ही."

"दाइ, तुमचा जनरेटर?"

"जनरेटर आहे. पोट रिकामं आहे त्याचं."

"आणि टेबलाखाली निळ्या बाटलीत आहे ते?"

"तुझी नजर कुठेकुठे जाते गं. ते मोटरसायकलचं आहे. बायकोला माहेरी सोडायचंय शनिवारी."

"नाही."

"बा काय म्हणतायत?"

"माहीत नाही. तुमच्याकडे बघून म्हणतायत."

"घ्या. घ्या बाबा. बायको आता दसऱ्यापर्यंत इथंच राहणार. तुमच्यामुळे माझा संसार टिकला असं समजतो."

*

जनरेटर बाजाराच्या पायऱ्यांवर खोकत सुरू झाला. संगणक उठला. जुनिताने पुन्हा तोच पत्ता घातला, पुन्हा वाचायला लावलं. बाटलीतलं पेट्रोल किती पुरेल याच्याकडे तिचं लक्ष होतं. मधे एक छोटी खिडकी आली. तसली खिडकी ती दिवसातून अनेकदा बघते. तिने एंटर मारला.

टुंग.

पट्टी पूर्वीसारखीच निघाली आणि मग अडखळली. थांबली. लाल अक्षरात संदेश आला की इथून पुढे वाचता येत नाही. तिने पुन्हा लावलं. त्याच जागी अडलं. फोन लोगोवर का अडकतो ते आता तिला कळलं. सॉफ्टवेअर बिघडलेलं नव्हतं. आतली चिपच मरायला टेकली होती, आणि दर वाचनागणिक आणखी मरत होती.

तिने खड्ड्याच्या अलीकडचं वेगळं वाचलं, खड्डा ओलांडून पलीकडचं वेगळं वाचलं. बाटली संपायच्या आत दोन्ही संगणकावर उतरलं. मधे एक तुकडा कोरा.

ठीक आहे, तिने म्हटलं. पहिल्या वेळी इथून पट्टी गेली होती. दाइ म्हणाले होते, बरंच पुढे गेलं. तो तुकडा त्या पहिल्या फाइलमध्ये असेल. वीज गेली म्हणून अर्धवट राहिली असेल ती, पण तेवढा तुकडा असेल.

तिने फाइल शोधली.

त्या नावाची एकच फाइल होती. नंतरची.

तेव्हा तिला ती छोटी खिडकी आठवली. त्यात लिहिलेलं असतं: या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहायचं का?

*

पेनांगच्या कारखान्यात जुनिता काम करायची तेव्हा तिच्या शेजारी एक बर्मी बाई बसायची. तिच्या हातून बोर्ड खराब झाला की ती बोर्ड बाजूला ठेवायची आणि आधी मनगटाचा पट्टा बघायची, तार सुटली आहे का. तार कधीच सुटलेली नसे.

*

आवाजाची फाइल मिळाली. नाव काही नव्हतं, नुसता तारखेचा आकडा. आजेसासूबाई गेल्या तो दिवस मेनुकाने बोटांवर मोजून काढला आणि तो आकडा जुळला. लांबलचक फाइल होती. वरची आडवी रेघ डोंगरासारखी वरखाली होत चालली होती, आणि दोन-तृतीयांशाच्या सुमाराला एकदम सपाट. मग पुन्हा डोंगर.

जुनिताने खुर्ची वळवली. ती मेनुकाशी बोलली नाही, म्हाताऱ्याशी बोलली.

"बा, तुमचा आवाज मिळाला. पण मधला थोडा भाग नाही. पहिल्या वेळी तो मिळाला होता बहुतेक. मी त्याच्यावर दुसरं लिहिलं. माझ्या हातून झालं. बोर्डाच्या नाही, विजेच्या नाही."

तेजेन्द्र म्हणाला, "अगं, ती अर्धवट फाइल उघडली असती की नाही कुणाला..."

"दाइ, राहू द्या."

मेनुकाचे हात मांडीवर तसेच राहिले. "कुठला भाग?" तिने विचारलं.

"मला कसं कळणार? आपल्याला ऐकायचं नाही ना ते."

म्हाताऱ्याने डावा हात पुढे केला, तळवा वर.

जुनिताने कानाला लावायच्या वायरी पुसल्या आणि त्याच्या दोन्ही कानांत घातल्या. बाजारात इतर कुणाला ऐकू जाणार नव्हतं. घरात आता कुणी गेलेलं होतं. त्याला ऐकण्यात दोष नव्हता. तिने बटण दाबलं.

रणधोज बा आता स्टुलावर बसले. डोळे मिटले नाहीत. समोरच्या शटरकडे बघत राहिले. स्वतःचा धडधाकट आवाज कानात ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते जुनिताने तोवर पाहिलं नव्हतं. आणि पाहिल्यावर तिने नजर काढून पडद्यावर ठेवली. रेघ चालत होती. डोंगर, डोंगर. म्हाताऱ्याचा डावा पाय ताल धरत होता. पायऱ्यांवर जनरेटर शेवटच्या थेंबांवर खोकत होता.

रेघ सपाट झाली.

पाय थांबला नाही. आणि त्या ओढलेल्या तोंडातून शब्द आले. "नाही" नव्हे. वेगळे. जिभेवर जड, कडा झिजलेले, एक अक्षर दुसऱ्यात मिसळलेलं, पण चाल पक्की. मेनुका उभी राहिली. म्हातारा शटरकडे बघत म्हणत होता, एक नाव, श्वास, पुढचं नाव, श्वास. बाजारातल्या सगळ्यांना अख्ख्या वाटेतला तेवढाच तुकडा ऐकू आला, जो कुठेच शिल्लक नव्हता.

पण त्याची जीभ हळू होती. सपाट रेघ संपली आणि डोंगर सुरू झाले तेव्हा तो अजून अर्ध्यातच होता. कानात त्याचाच तरुण आवाज पुढे निघून गेला. म्हातारा गप्प झाला. त्याने जुनिताकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात राग होता.

जुनिताने आवाज थांबवला. रेघ डोंगराच्या पायथ्याशी मागे आणून ठेवली.

तो पुन्हा सुरू झाला, जिथं सोडलं होतं तिथून. मागे वळला नाही. एका नावाशी अडला, ओठ हलले, आवाज आला नाही. पाय मात्र तिथल्या तिथं ताल देत राहिला, जणू काठावर उभं राहून पाण्याचा अंदाज घेत होता. मग नाव आलं. आणखी दोन नावं आली. मग त्याने मान एकदाच खाली केली.

जुनिताने बटण दाबलं. तरुण आवाज पुढे निघाला. म्हाताऱ्याने तोंड मिटलं.

"भरून घे ना," तेजेन्द्र तिच्या कानाशी कुजबुजला. "पुन्हा म्हणायला लाव आणि भरून घे. भोक बुजेल."

तिने मान हलवली. वाट सांगताना मागे वळत नाहीत हे त्याला माहीत नव्हतं. नेवार माणूस, दुसऱ्या जमातीचा, त्याचा काय दोष.

*

आवाज मेनुकाच्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून दिला. मधलं बटण दाबलं की थांबतो, पुन्हा दाबलं की चालतो, एवढं तिच्याकडून चारदा करवून घेतलं. आवाज न वाजवता, नुसतं बटण.

"बांचं बोट वर झालं की थांबव. मान खाली झाली की सोड. घाई करू नकोस. यंत्राला थांबायला काही होत नाही."

"आणि हा?" मेनुकाने लाल झाकणाचा फोन उचलला. "याच्यात आता नवीन लिहिता येईल? माझ्या मुलीला झाला असता."

"चिप गेली आहे, बहिनी. लिहिलं तरी टिकणार नाही."

म्हाताऱ्याने तो फोन तिच्या हातातून घेतला आणि शालीच्या आत ठेवला. सन्तवीरचे बूट आणि कपडे त्याच्याजवळ मातीत ठेवलेले होते. एवढंच मागे राहिलं होतं.

तेजेन्द्र झाकणाबद्दल काहीतरी बोलणार होता. मग त्याने फक्त म्हाताऱ्याला पायऱ्या उतरायला हात दिला. खाली पोचल्यावर म्हातारा त्याला "नाही" म्हणाला, आणि तेजेन्द्रने वाकून नमस्कार केला.

शुक्रवारी सकाळी त्याने उदबत्ती लावली तेव्हा ती फळीपुढे ओवाळली नाही. नुसती खोचून ठेवली. जुनिता संगणकावर काहीतरी लिहीत होती. गिऱ्हाइकाच्या फोनमधून वाचलेल्या फाइलला ती आता यंत्राने घातलेलं नाव ठेवत नव्हती. माणसाचं नाव घालत होती.

*

रविवारी मेनुकाचा फोन आला. टेकडीवर चढून करत होती बहुतेक, वाऱ्याने शब्द उडत होते.

"झालं, दिदी."

"बांनी म्हटलं?"

"म्हटलं. दुसरे फेदाङमा शेजारी बसले होते, त्यांनी तोंड उघडलं नाही. खिंडीच्या पुढे आला तो तुकडा. बांनी बोट वर केलं, मी थांबवलं. त्या एका नावाशी पुन्हा अडले. सगळे बसून राहिले. कोंबडासुद्धा गप्प होता."

"मग?"

"मग आलं नाव. आधीच्यापेक्षा स्वच्छ. मी सोडलं. दारापर्यंत गेलं, दिदी. पूर्ण."

"बा काही म्हणाले?"

"त्यांचा तोच शब्द. पण अगदी हळू. मग जेवले."

जुनिताला एक सांगायचं राहिलं होतं. तिने संगणकावरचे ते दोन्ही तुकडे गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा चाळून पाहिले होते. "बहिनी, तुमच्या लग्नाचा व्हिडिओ नाही सापडला. त्या कोऱ्या भागातच गेला असणार. तोही माझ्या हातून गेला."



"असू दे, दिदी," मेनुका म्हणाली. "बस आली तर घरी आंबवलेला सोयाबीनचा किनेमा पाठवते तुम्हाला. दाइंना पण द्या."

*

सन्तवीरने बापाच्या मागे बसून मांडीखाली फोन ठेवला, त्या दिवशी फोनमध्ये जागा शिल्लक नव्हती. जागा करण्यासाठी त्याने आपल्या लग्नाचा व्हिडिओ पुसला होता.